लाल रंगाचं स्वयंपाकघर

माझे रविवार सोसायट्यांनी खाल्ले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे तक्रार आहेच, पण ती कोणाकडे करायची हे मला आता कळेनासं झालंय. जुन्या इमारतींची तपासणी करणारी घाटकोपरला एक छोटी फर्म आहे, तिथे मी बरीच वर्षं काम करते. आमचे सर इमारती तपासतात, मीही तपासते. मग जे सापडलं ते त्या इमारतीतल्या लोकांना समजावून सांगायला मी एकटी जाते. सर जात नाहीत, कारण त्यांना लवकर राग येतो. एकदा मालाडच्या मीटिंगमध्ये कोणीतरी "पिलरचं राहू दे, आधी पार्किंगचं बोला" असं म्हणालं. सरांनी लॅपटॉप मिटला आणि सरळ रिक्षात जाऊन बसले. तेव्हापासून प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात पडलं. राग मलाही येतो, पण तो मी मुलुंडला घरी नेते आणि तिथे भांड्यांवर काढते.

सोसायटीच्या मीटिंगची एक ठरलेली रीत असते. नोटिशीत लिहितात सकाळी दहा. दहाला सेक्रेटरी येतो, मी येते, आणि खुर्च्या मांडणारा वॉचमन असतो. बाकी चिटपाखरू नसतं. पुरेशी माणसं नसतील तर मीटिंग अर्धा तास तहकूब करायची आणि मग जे हजर असतील त्यांच्यावर चालू करायची, हा नियम मुंबईतल्या प्रत्येक सभासदाला पाठ आहे. म्हणून सगळे अर्ध्या तासानेच येतात. तो अर्धा तास मी रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघत काढते. माझं निम्मं वय त्या अर्ध्या तासांत गेलं असं मी घरी म्हणते, आणि घरचे हसतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसत नाही.

प्रोजेक्टरचा पडदा म्हणजे कोणाच्या तरी घरची डबलबेडची चादर. मी दाखवते त्या भेगा तिच्यावरच्या फिकट फुलांमधून जातात. बाजूने ऊन येत असतं, त्यामुळे बारीक अक्षर दिसत नाही, आलेख तर मुळीच दिसत नाहीत. मागच्या रांगेतले लोक भिंतीला टेकून फोन बघतात, पुढच्या रांगेत ज्येष्ठ नागरिक असतात आणि त्यांना ऐकू येत नाही. सरांनी एकदा मला अंधेरीच्या एका हॉटेलात प्रेझेंटेशनच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथला टाय लावलेला ट्रेनर म्हणाला, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा, सुरुवातीला गोष्ट सांगा, महत्त्वाचं बोलून झालं की थांबा. पुढच्याच रविवारी बोरिवलीला मी डोळ्यांत बघायला गेले. डोळे व्हॉट्सॲपमध्ये होते.

जे शिकले ते धक्के खात शिकले. लोकांच्या मनात स्वतःच्या घरातलं गळणं असतं. ते बोलून झाल्याशिवाय त्यांच्या कानात काही शिरत नाही, म्हणून आधी गळण्याचं विचारायचं आणि सगळ्यांना बोलू द्यायचं. यंत्रांची नावं घ्यायची नाहीत. "सळई गंजली की फुगते, फुगली की काँक्रीटला आतून ढकलते, म्हणून भेग पडते," एवढं सांगितलं की पुरे. समोसे आले की बोलणं बंद करायचं, कारण समोशाशी स्पर्धा करून कोणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. आणि रंग वापरायचे. आमच्या सरांचा नकाशा ठरलेला होता: चांगलं ते हिरवं, लक्ष ठेवायचं ते पिवळं, ताबडतोब दुरुस्त करायचं ते लाल. अंधेरीच्या टॉवरवाल्यांना तो फार आवडायचा. एका नजरेत कळतं, म्हणायचे.

भांडुपला मात्र तो नकाशा माझ्या अंगाशी आला.

ती इमारत डोंगराच्या उतारावर आहे. तळमजला आणि वर चार मजले, लिफ्ट नाही. बहुतेक कुटुंबं कोकणातली. कोणाचे वडील गिरणीत होते, कोणाचे गोदीत, आणि मुलं आता बँकेत, हॉस्पिटलात, कॉल सेंटरला. आम्ही तपासणी केली तेव्हा बाकी इमारत वयाच्या मानाने बरी निघाली. मागच्या कोपऱ्यातला एक कॉलम तेवढा वाईट होता. तो पाच मजल्यांवरच्या पाच स्वयंपाकघरांच्या कोपऱ्यांतून सरळ वर जातो. वरच्या मजल्यांवर तो ठीक होता, तळमजल्यावर आतून कुजला होता. चांगलं काँक्रीट हातोडीने ठोकलं की टणक वाजतं. तिथे पोकळ आवाज आला, रिकाम्या घराचं दार वाजवल्यासारखा.

उपाय अवघड नव्हता, गैरसोयीचा होता. त्या कोपऱ्यातल्या पाचही स्वयंपाकघरांत एकाखाली एक लोखंडी टेकू उभे करायचे आणि वरचा भार टेकूंवर घ्यायचा. मग खालचा कॉलम फोडायचा, गंजलेल्या सळया बदलायच्या आणि बाहेरून नव्या काँक्रीटचं जाड आवरण घालायचं. तोपर्यंत पाचही घरांनी स्वयंपाकघर सोडायचं. पाचांतलं एक जरी घर नाही म्हणालं तरी काम अडणार. आणि काम अडलं तर तो कॉलम किती दिवस उभा राहील, हे मला सांगता येत नव्हतं. मला सगळ्यात जास्त भीती अशाच कॉलमची वाटते.

कंपाउंडमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये मीटिंग झाली. मी गळण्याचं विचारलं, सळईचं सांगितलं आणि नकाशा लावला. कॉलमचा चौकोन चादरीवर दिसावा म्हणून सरांच्या नकाशात अख्खी खोलीच रंगवलेली असते. तळमजल्याचं ते स्वयंपाकघर चादरीवर लालभडक दिसलं. मग मी वरचे मजले एकेक करून दाखवले. सगळे हिरवे होते.

"म्हणजे आमचं ग्रीन ना?" चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारलं. त्या शाळेत शिकवतात आणि त्यांचा आवाज सगळ्या शेडला पुरतो.

"तुमच्या मजल्यावर कॉलम चांगला आहे," मी म्हणाले.

"मग आमच्या किचनमध्ये टेकू कशाला? ज्याचं लाल आहे त्याने बघावं ना."

सगळ्यांना ते पटलं. मी भार, टेकू, वर-खाली असं बरंच काही बोलले, पण लोक निकाल लागल्यासारखे एकमेकांचे रंग विचारत होते. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर "आमचं पण ग्रीन" म्हणून शेजाऱ्याला टाळी दिली.

पहिल्या रांगेत इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले एक काका बसले होते. ते उभे राहिले. "मॅडम, पहिला परत दाखवा."

मी तळमजल्याचा नकाशा परत लावला.

"ह्या माझा घर?"

"तुमच्या स्वयंपाकघरातला कॉलम आहे, काका."

"लाल."

"हो."

ते खाली बसले. मागे मात्र कुजबुज सुरू झाली. त्यांची मोरी कधीपासून गळते, काकी बादल्याच्या बादल्या पाणी ओततात, त्यांच्यामुळे आता सगळ्यांनी घरं सोडायची का. काकी बायकांच्या रांगेत होत्या आणि हे सगळं त्यांना ऐकू येत होतं. ठराव झाला नाही. सेक्रेटरी चाळिशीचा, बँकेत काम करणारा, घाईत बोलणारा माणूस. तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "मॅडम, लोकांना जरा टाइम द्या ना." मी त्याला म्हणाले की टाइम मी देणारी कोण, तो कॉलमकडे मागा.

चूक माझी होती असं मला आजही वाटत नाही. रंग बरोबर होते. पण बरोबर असून उपयोग झाला नाही, हे तितकंच खरं.

काही आठवड्यांनी सेक्रेटरीचा फोन आला. "मॅडम, वाट लागली. काकांनी पिलरला टाइल्स मारल्या."

मला आधी कळेचना. मग कळलं आणि मी हातातलं काम टाकून भांडुपला गेले. काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडावर चक्क समाधान होतं. मला ते सरळ स्वयंपाकघरात घेऊन गेले. कोपऱ्यातला कॉलम खालपासून छतापर्यंत पांढऱ्या टाइल्सनी मढवलेला होता. सांधे एका रेषेत होते. करड्या रंगाची बारीक फुलं होती आणि एकही फूल वाकडं नव्हतं.

"आता बघा," काका म्हणाले. "आता खय दिसता लाल?"

मी चिडले. माणूस घाबरला की चिडतो, तशी चिडले. "काका, अहो, भेगा झाकल्यात तुम्ही! त्या वाढल्या तर आता कळणार कसं? मला काही दिसतच नाहीये."

"दिसूक नको म्हणानच लावलंय," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि आवाज खाली आणून शहरी मराठीत बोलायला लागले, कारण मी पाहुणी होते. "मॅडम, मी विक्रोळीच्या कारखान्यात तपासणी खात्यात होतो. रिटायर होईपर्यंत एकच काम केलं. पीस तपासायचा आणि टॅग लावायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे रीवर्क, दुरुस्त करून परत तपासायचा, लाल म्हणजे भंगार. एकदा लाल लागला की त्या पीसला कोणी हात लावत नाही. वेगळ्या कोपऱ्यात नेऊन टाकतात. तुम्ही माझ्या घराला सगळ्यांसमोर लाल लावलात."

"भंगार असं आमच्यात नसतं, काका. लाल म्हणजे ताबडतोब दुरुस्ती."

"तुमच्यात नसेल."

काकींनी चहा आणला. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाजी घ्यायला खाली उतरले तरी विचारतात हो, तुमच्या पिलरचं काय झालं. घरात कोणी आलं की आधी त्या कोपऱ्यात बघतं. मग मीच ह्यांना म्हटलं, चांगल्या टाइल्स लावून घ्या."

कप घेताना माझं लक्ष कॉलमच्या पायाशी गुंडाळून ठेवलेल्या गादीकडे गेलं. मी विचारलं, इथे कोण झोपतं? काकी हसल्या. "मी. ह्यांचं घोरणं ऐकवत नाही बाहेर. इथे बरं पडतं. पिलरकडे डोकं करून झोपते, थंड लागतं."

मी कप खाली ठेवला. त्यांना म्हणाले, आजपासून गादी बाहेरच्या खोलीत घाला. त्या "हो, हो" म्हणाल्या, पण ते हो कसलं होतं ते मला कळत होतं. टाइल्स फोडायला काकांनी साफ नकार दिला. "परत उघडून सगळ्यांना दाखवायचा नाय," म्हणाले. त्यांच्याशी मी किती वाद घातला ते आता आठवत नाही. बाहेर पडताना मला रडू येत होतं आणि त्याचाही राग येत होता, हे आठवतं.

परत जाण्याआधी वरच्या चार मजल्यांवरचा तोच कॉलम पुन्हा तपासून घ्यावा म्हणून मी जिने चढले. गुडघे कुरकुरत होते. प्रत्येक घरात मला त्याच कोपऱ्यात नेलं आणि प्रत्येक घरात माझ्यापुढे काही ना काही ठेवलं. पहिल्या मजल्यावर त्या कॉलमला खिळे मारून कॅलेंडर आणि चाव्या लावलेल्या होत्या. दुसऱ्यावर त्याला फ्रीज टेकवलेला. तिसऱ्यावर त्याच्यावर देव्हाऱ्याची फळी होती आणि ताजं फूल वाहिलेलं होतं. चौथ्यावर शाळेतल्या बाईंनी तो प्लायवूडने झाकून त्याला आरसा लावला होता, आणि आरशाच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या होत्या. मी फोन काढून फोटो घेत गेले. रिपोर्टला लागतील म्हणून घेतले, दुसरा काही विचार नव्हता.

विचार मुलुंडला आल्यावर आला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी भांडुपचं प्रेझेंटेशन पुढे ओढलं आणि स्लाइड काढून टाकायला लागले. आकडे काढले, हातोडीच्या चाचणीचा तक्ता काढला, नकाशे काढले. काढताना बरं वाटत होतं, कपाट आवरल्यावर वाटतं तसं. शेवटी ते पाच फोटो उरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये सरांनी बघितलं आणि विचारलं, "डेटा कुठे गेला?"

"रिपोर्टात आहे."

"आणि कलर कोडिंग?"

"ते राहू दे, सर. नाहीतर तुम्ही चला भांडुपला."

सरांनी लॅपटॉप माझ्याकडे परत सरकवला.

दुसरी मीटिंग त्याच शेडमध्ये झाली, फुलाफुलांची तीच चादर लावून. अर्धा तास नेहमीसारखा गेला, मग माणसं आली. काका आले नाहीत. शेडला लागूनच त्यांच्या घराची खिडकी आहे. तिच्या ग्रिलमागे ते उभे होते, आत अंधार होता, पण पांढरा शर्ट दिसत होता. काकी दोन बायकांच्या मध्ये मान खाली घालून बसल्या होत्या.

गळण्याचंही मी विचारलं नाही. पहिला फोटो लावला आणि म्हणाले, "हे कोणाचं?"

"अगं बाई, माझा आरसा!" शाळेतल्या बाई ओरडल्या. "टिकल्या तरी काढू द्यायच्या होत्या."

लोक हसले. मग देव्हारा आला, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी बसल्या जागेवरून हात जोडले. फ्रीज आला तेव्हा त्याच्यावरच्या औषधांच्या पिशव्या बघून कोणीतरी कोणाची तरी फिरकी घेतली. कॅलेंडर मागच्या वर्षाचं होतं, त्यावरही हशा झाला. मागचे लोक फोन खाली ठेवून पुढे सरकले. स्वतःचं स्वयंपाकघर चादरीवर दिसलं की माणूस बघतोच. शेवटी टाइल्स लावलेला कॉलम आला. हसणं जरा थांबलं.

मग मी पाचही फोटो एकावर एक ठेवलेली स्लाइड लावली. सगळ्यात वर आरसा, त्याखाली देव्हारा, फ्रीज, कॅलेंडर, आणि तळाला काकांच्या टाइल्स. कोपरे जुळवले होते, त्यामुळे वरून खालपर्यंत एकच खांब दिसत होता. मी काही बोलले नाही. बोलून झालं की थांबा, असं त्या अंधेरीच्या ट्रेनरने सांगितलं होतं, पण मी त्याच्यासाठी थांबले नव्हते. मला बोलायचा कंटाळा आला होता. हे लोक ऐकणार नसतील तर मी आणखी काय करू, असं खरंच वाटत होतं, आणि डोळ्यांसमोर ती गुंडाळलेली गादी होती.

लोक मान वर-खाली करून बघत होते. मग शाळेतल्या बाई म्हणाल्या, "थांबा हां. म्हणजे हा एकच पिलर आहे?"

"एकच."

"म्हणजे माझा आरसा ह्यांच्या देव्हाऱ्यावर, ह्यांचा देव्हारा त्यांच्या फ्रीजवर..."

"हो."

"आणि हे सगळं काकांच्या घरातल्या त्या तुकड्यावर उभं आहे?"

"हो. आणि तो तुकडा कुजलाय. त्यांच्या मोरीमुळे नाही. पाच मजल्यांचं वजन आणि पाच मजल्यांच्या पाइपातलं पाणी खालीच येतं. तळमजल्यावर दुसऱ्या कोणाचं घर असतं, तर त्याचं लाल झालं असतं."

हे शेवटचं मी ठरवून बोलले नव्हते. तोंडातून गेलं. काकींनी मान वर केली.

"काकी, तुम्ही तिथेच झोपता ना हो?" बाईंनी विचारलं. काकींनी हो म्हटलं. बाई तडक खिडकीकडे वळल्या. "अहो काका! आत काय उभे राहिलाय, बाहेर या ना. आमचं किचन घ्या, काय टेकूबिकू लावायचे ते लावा. आम्ही ग्रीन ग्रीन करत बसलो, चुकलं आमचं."

काका लगेच आले नाहीत. सेक्रेटरी तेवढ्यात बोलून गेला की गणपती जवळच आलेत, तेव्हा पाचही घरं गावालाच असतात, तर काम तेव्हाच चालू करू, निदान टेकू तरी लागतील. पण तोपर्यंत काकींनी त्या कोपऱ्यात झोपायचं नाही. ते काम बाईंनी आपल्याकडे घेतलं आणि रोज रात्री येऊन बघेन अशी धमकी दिली. हात वर झाले. मी हात मोजत असताना काका दारातून आले आणि प्रोजेक्टरच्या बाजूला टेबलावर घराची चावी ठेवली.

"टाइल नवीन आसत," ते मला म्हणाले. "जरा सांभाळून काढूक सांगा."

सांभाळून काढली तरी ती टाइल पुन्हा वापरता येत नाही. ते मी त्यांना सांगितलं नाही.

काम सांगितल्यापेक्षा लांबलं, नेहमीच लांबतं. काका-काकी गावाहून परस्पर बोरिवलीला मुलीकडे राहायला गेले. टाइल्स निघाल्या तेव्हा मी तिथे होते. मागचं काँक्रीट हाताने सुटून आलं, आणि आतली सळई काही ठिकाणी करंगळीपेक्षा बारीक झाली होती. मी मागे सरून ज्या जागेवर उभी होते, ती गादीची जागा होती. मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले.

नवीन आवरण घातलं, ते पुरतं मुरू दिलं, पुन्हा चाचण्या केल्या. सगळं ठीक आलं, टेकू निघाले. मग आणखी एका रविवारी मी शेवटचं प्रेझेंटेशन द्यायला भांडुपला गेले. त्यात रंग नव्हते, आता मी कुठेच रंग वापरत नाही. केलेलं काम दाखवलं, पुढे काय जपायचं ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच बाहेरच्या रंगकामाचा विषय काढला. रंगकामावरून पार्किंगवर गेले. समोसे आले. माझं काम संपलं होतं, खांदा दुखत होता. मी लॅपटॉप मिटला आणि वायर गुंडाळायला घेतली.

"मॅडम."

काका पहिल्या रांगेत उभे होते. बोरिवलीहून ते आदल्याच दिवशी परत आले होते. शर्ट पांढरा, इस्त्री कडक.

"तो जुनो नकशो आसा तुमच्याकडे?"

"कुठला, काका?"

"लाल लावलेला."

मी म्हणाले, "असेल लॅपटॉपमध्ये. पण तो आता लागत नाही, काका. रंगच काढून टाकलेत आम्ही."

"पिलर परत तपासलात?"

"तपासला."

"पास झाला?"

"झाला."

"मग आमच्या खात्यात रीवर्क होऊन पास झाला की जुना टॅग काढून नवीन लावायचे. तपासणाऱ्यानेच लावायचा, आपल्या हाताने. त्याशिवाय पीस बाहेर जायचा नाही." त्यांनी चादरीकडे बोट केलं. "सगळ्यांसमोर लावलात ना? मग सगळ्यांसमोर काढा."

मला खरंच घरी जायचं होतं. गुंडाळलेली वायर मी परत सोडली. प्रोजेक्टर चालू व्हायला वेळ घेतो, तेवढा वेळ शेडमध्ये कोणी समोशाला हात लावला नाही. जुना नकाशा सापडला. चादरीवर फुलांच्या मधे तळमजला आला आणि कोपऱ्यातलं ते लाल स्वयंपाकघर. शाळेतल्या बाई उठून काकींच्या शेजारी जाऊन बसल्या. मी त्या खोलीवर क्लिक केलं, रंगांची पट्टी उघडली आणि हिरवा निवडला.

काका बघत होते. मग ते चादरीच्या अगदी जवळ गेले, आयुष्यभर पीस बघितला असेल तसं वाकून बघितलं, आणि मागे वळून काकींना म्हणाले, "गो, हयसर ये. बघ."

काकी आल्या. दोघं आपल्या स्वयंपाकघरासमोर उभी राहिली, आणि त्यांच्या शर्टावर, पदरावर तो हिरवा उजेड पडला. मी प्रोजेक्टर बंद केला नाही.